दख्खनच्या जनावरांचीं नांवें आणि पिंजऱ्यापुढील पाटी

चिंचवड म्हटलें कीं आमच्या वाचकांस श्रीमोरया गोसावी व चिंचवडकर देवांचें दफ्तर आठवतें. चाकण म्हटलें कीं संग्रामदुर्ग, फिरंगोजी नरसाळा आणि इ. स. १६६० चा शाएस्तेखानाचा वेढा. या दोन ठाण्यांच्या मधला व भोंवतालचा जो माळ, त्यावर गेल्या सत्तर वर्षांत कारखान्यांच्या ओळी उभ्या राहिल्या, आणि पिंपरी, भोसरी, चाकण हीं नांवें यंत्रांच्या नांवांशीं जोडलीं गेलीं. गढ्यांचा व देवस्थानांचा इतिहास लिहिणारे पुष्कळ झाले. परंतु त्या माळावर व त्यापलीकडील डोंगरांत जीं जनावरें राहत आलीं, त्यांच्या नांवांसहि एक इतिहास आहे, आणि तो छापील कागदांवर सालवार नमूद असूनहि संशोधकांनीं त्याकडे फारसें पाहिलेलें नाहीं. त्या नांवांची, व तीं नांवें आजच्या प्राणिसंग्रहालयांतील पाट्यांवर ज्या रीतीनें लिहिलीं जातात तिची, थोडी चिकित्सा करण्याचें आम्हीं योजिलें आहे. विषय प्राणिशास्त्राचा दिसतो. पण प्रश्न पाठचिकित्सेचा आहे, आणि म्हणूनच तो या पृष्ठांत मांडण्यास हरकत नसावी.

प्राणिसंग्रहालयांतील पाटी हा एक लेखच होय. ताम्रपटांत जसे दाता, प्रतिग्रहीता, भूमि व तिथि हे भाग ठरलेले, तसेच पाटीचेहि भाग ठरलेले असतात. वरती प्राण्याचें देशी व इंग्रजी नांव. त्याखालीं लॅटिन नांव. मग आढळ, आहार वगैरे. नंतर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कोणत्या परिशिष्टांत तो येतो तें. आणि एका कोपऱ्यांत एक रंगीत वर्तुळ व त्यांत दोन अक्षरें. प्रत्येक पिंजऱ्यापाशीं जनावराची शास्त्रीय माहिती लावलेली असावी असा सरकारी नियमांचा कटाक्ष आहे, व केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण १९९२ त स्थापन झाल्यापासून त्यावर देखरेखहि असते. तेव्हां पाटी ही केवळ शोभेची वस्तु नाहीं. ती सरकारी दाखला आहे, आणि दाखला म्हटला म्हणजे त्याची पारख आली.

कोपऱ्यांतील वर्तुळाचा अर्थ असा. आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघानें १९६४ पासून एक 'लाल यादी' चालविली आहे. तींत प्रत्येक प्राण्याची प्रकृति तपासून त्याला एक वर्ग दिलेला असतो: चिंताजनक नाहीं, संकटाच्या जवळ, असुरक्षित, संकटग्रस्त, अतिसंकटग्रस्त, आणि शेवटीं नष्ट. वर्तुळांतील दोन अक्षरें म्हणजे या वर्गाचें संक्षिप्त नांव. लहान मुलांपासून सर्वांची दृष्टि प्रथम त्यावरच जाते. हिरवें असलें कीं मन निश्चिंत होतें, तांबडें असलें कीं हळहळतें.

आतां लॅटिन नांवाकडे वळूं. तें दोन शब्दांचें असलें तर त्यानें 'जात' सांगितली जाते. तीन शब्दांचें असलें तर 'पोटजात'. लांडगा या जातीचें नांव 'कॅनिस ल्युपस' हें लिनीअसनें १७५८ त दिलें. आपल्याकडील लांडग्याचें नांव त्यापुढें 'पॅलिपेस' हा तिसरा शब्द लावून होतें. परंतु वर्तुळांतील वर्ग हा बहुधा दोन शब्दांच्या नांवाचा असतो. लाल यादीचा नियमच असा आहे कीं अगोदर संपूर्ण जातीचें मूल्यमापन झालें पाहिजे. तें झाल्यावर एखाद्या पोटजातीचें वेगळें करतां येतें, पण करावेंच असें बंधन नाहीं. म्हणजे पाटीवर नांव पोटजातीचें व निकाल जातीचा, अशी जोडणी सहज घडते. शिक्का एका कागदाचा आणि मजकूर दुसऱ्याचा, असा हा प्रकार आहे. बनावट सनदांची परीक्षा करणाऱ्यांस त्याचें महत्त्व समजावून सांगण्याची गरज नाहीं. फरक एवढाच कीं येथें कोणी फसविण्यासाठीं हें करीत नाहीं. दोन निरनिराळ्या पुस्तकांतून दोन ओळी उतरून घेतल्या जातात, आणि त्या एकाच जनावराविषयीं बोलत आहेत असें उतरून घेणारा धरून चालतो.

पोथ्या जमविणाऱ्यांस हा भेद एका उदाहरणानें चटकन पटेल. ज्ञानेश्वरीच्या पोथ्या महाराष्ट्रांत शेंकड्यांनीं आहेत. ग्रंथ म्हणून तिला कांहींहि भय नाहीं. पण एकनाथपूर्व पाठ सांगणारी एखादी पोथी वाळवीनें खाल्ली, तर 'ग्रंथाच्या प्रती विपुल आहेत, चिंतेचें कारण नाहीं' असें म्हणून कोणी समाधान मानील काय? पोटजात ही प्राण्याची अशी पाठपरंपरा आहे. ती एका मुलखांत, एका हवापाण्यांत, हजारों वर्षें उतरत आलेली असते, आणि दुसऱ्या मुलखांतील प्रतींवरून ती पुन्हा सिद्ध करतां येत नाहीं.

आमच्या प्रांतापुरतें पाहतां, या तिसऱ्या शब्दांपैकीं कित्येकांचा उगम एकाच माणसाच्या लेखणींत आहे. कर्नल विल्यम हेन्री साइक्स (१७९०–१८७२) हें नांव आमच्या वाचकांस अपरिचित नसेल. खडकीच्या व पुण्याच्या लढायांत कंपनीच्या पलटणींत असलेला हा अधिकारी १८२४ त मुंबई सरकारचा सांख्यिकी वृत्तलेखक नेमला गेला. गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांचे दिवस ते. गांवें, वतनें, जमिनीचे धारे, पिकें, पाऊस, लोकसंख्या अशा सर्व गोष्टींची टिपणें करीत साइक्स दख्खनभर हिंडला, आणि त्याच फेऱ्यांत त्यानें पशुपक्षीहि गोळा केले. लंडनच्या प्राणिविषयक सभेपुढें १८३१ त त्यानें दख्खनच्या सस्तन प्राण्यांची यादी मांडली. पुढील सालीं पक्ष्यांची. यादीच्या मथळ्यांत मुलखाचें नांव 'डुखुन' असें छापलें आहे. इंग्रजी कानानें ऐकलेलें तें आपलें 'दख्खन'.

या यादीचा आम्हांस वाटणारा विशेष हा कीं साइक्सनें जागोजाग मराठी नांवें दिलीं आहेत. लांडग्याच्या नोंदींत 'लांडगा' आहे, रानकुत्र्याच्या नोंदींत 'कोळसून' आहे. कागद करणाऱ्या कारकुनाची ही संवय. गांवकरी ज्याला जें म्हणतात तें अगोदर लिहून घ्यावयाचें. शब्दांचा इतिहास शोधणाऱ्यांनीं ही यादी अवश्य चाळावी. तींतील एका नांवाची हकीगत तर फार मनोरंजक आहे. आपल्या माळरानावरील लहान कोल्ह्याला, म्हणजे खोकडाला, साइक्सनें नवी जात समजून 'कॅनिस कोक्री' असें नांव दिलें. खोकड हा अस्सल मराठी शब्द लॅटिनचा अंगरखा घालून लंडनच्या छापखान्यांत गेला! परंतु तेंच जनावर शॉ या पंडितानें १८०० सालींच 'बेंगालेन्सिस' या नांवानें वर्णिलेलें निघालें. प्राणिशास्त्रांत आधीचें नांव तें खरें असा दंडक आहे. मिरासदारीच्या तंट्यांत जुना कागद जिंकतो तसेंच हें. परिणाम असा कीं पुण्याच्या माळावरचें खोकड आज जगभर 'बंगालचा कोल्हा' म्हणून ओळखलें जातें, व 'कोक्री' हें नांव पर्यायनामांच्या यादींत पडून आहे. पाटीवर त्याचा मागमूसहि नसतो.

रानकुत्र्याचें नांव थोडें अधिक टिकलें. साइक्सनें त्यास 'डुखुनेन्सिस', म्हणजे दख्खनचा, असें म्हटलें. ती स्वतंत्र जात नव्हे, पलासनें १८११ त वर्णिलेल्या जातीचाच दक्षिणेकडील भेद होय, असें पुढें ठरलें. तरी तिसरा शब्द म्हणून आपला मुलूख त्या नांवांत राहिला. रानकुत्रा जात म्हणूनच संकटग्रस्त गणला जात असल्यामुळें, त्याच्या बाबतींत पाटीच्या दोन ओळींत मोठी विसंगति येत नाहीं. ती येते लांडग्याच्या बाबतींत, आणि तेथें ती घातक आहे.

लांडगा ही जात युरोप, उत्तर आशिया व उत्तर अमेरिका एवढ्या प्रचंड प्रदेशावर पसरलेली आहे. सैबीरिया व कानडा येथील लांडगे मोजणीस धरले म्हणजे जातीला भय नाहीं हें उघड आहे, व लाल यादींत तसेंच म्हटलें आहे. परंतु दख्खनच्या माळावरील 'पॅलिपेस', म्हणजे फिक्या पायांचा, हा वेगळाच जीव आहे. साइक्सनें १८३१ त त्याला निराळी जात मानलें. नंतरच्या पंडितांनीं त्यास पोटजात करून खालीं बसविलें. आणि आतां रक्ताच्या परीक्षेनें प्रकरण पुन्हा साइक्सच्या बाजूस झुकूं लागलें आहे. भारतांतील लांडग्यांची कुळी फार प्राचीन असल्याचें २००४ च्या सुमारास दिसून आलें, व २०२१ त संपूर्ण अनुवंशाच्या तपासणीनें त्यास दुजोरा मिळाला. सर्व भारतांत यांची संख्या सुमारें ३,१०० असावी असा अंदाज २०२२ त प्रसिद्ध झाला; म्हणजे वाघांपेक्षां लांडगे थोडे. लाल यादी ठेवणाऱ्यांनीं भारतीय लांडग्याचें मूल्यमापन वेगळें केलें तें २०२५ सालीं, व वर्ग दिला 'असुरक्षित'. साइक्सच्या लेखापासून या निकालापर्यंत १९४ वर्षें गेलीं.

या १९४ वर्षांतील शेवटचीं तीसचाळीस वर्षें आमच्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाचीं, कारण माळ नाहींसे झाले ते याच काळांत. लांडग्याला दाट रान लागत नाहीं. त्याला गवताळ, उघडें, मेंढरांच्या वाड्यांजवळचें रान लागतें. महसुली दफ्तरांत अशी जमीन 'पडीत' म्हणून लागते. पडीत म्हणजे निरुपयोगी, ही समजूत साहेबी अमदानींत रूढ झाली व अद्यापि गेलेली नाहीं. मग कारखाना, रस्ता, वसाहत यांसाठीं पहिली नजर पडितावर जाते. पुण्याभोंवतींच्या कोरड्या माळांवर धनगर व लांडगा एकमेकांस ओळखून राहिले. धनगर त्यास शिव्या देई, कुत्रे बाळगी, एखादें कोंकरूं गेलें तर नशिबावर घाली. पण लांडगा कायमचा नाहींसा व्हावा ही कल्पना त्याच्या मनांत नसे. अशा वेळीं 'चिंताजनक नाहीं' हे शब्द पिंजऱ्यापुढें वाचून जो नागरिक घरीं जातो, त्याला माळाच्या मोडणीचें कांहींच वाटूं नये यांत नवल नाहीं. कायदा याबाबतींत पाटीपेक्षां सावध होता. २०२२ च्या दुरुस्तीपूर्वीच्या पहिल्या परिशिष्टांत भारतीय लांडग्याची नोंद तिन्ही शब्दांनिशीं होती. म्हणजे एकाच पाटीवर कायद्याची ओळ 'सर्वोच्च संरक्षण' म्हणणार आणि वर्तुळाची ओळ 'काळजी नको' म्हणणार. वाचणाऱ्यानें कोणती खरी मानावी?

माळ सोडून खेड तालुक्यांतून पश्चिमेस डोंगर चढलें कीं भीमाशंकर लागतें. चाकण याच खेड तालुक्यांतील. भीमाशंकरच्या राईंतील शेकरूं महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे, व त्याच्यासाठीं मुख्यत्वें प्रसिद्ध असलेलें सुमारें १३० चौरस किलोमीटरचें अभयारण्य १९८५ त झालें. या घाटावरील शेकरूचें नांवहि साइक्सनेंच ठेविलें: गव्हर्नरसाहेबांच्या सन्मानार्थ 'एल्फिन्स्टोनाय'. (नव्या प्राण्याला वरिष्ठाचें नांव देणें ही त्या काळची नजर करण्याची रीतच होती.) पुढें शेकरूच्या पोटजाती किती, यावर विद्वानांत एकमत झालें नाहीं. मुंबईच्या नैसर्गिक इतिहास संस्थेच्या नियतकालिकांत हुमायून अब्दुलअली व जे. सी. डॅनिअल यांनीं १९५२ त रंगांचे भेद तपासून त्यांची मांडणी केली, तींत पोटजाती बऱ्याच आहेत. जगांतील सस्तन प्राण्यांच्या २००५ च्या प्रमाणभूत सूचींत त्यांतील कांहींच उरल्या, व 'एल्फिन्स्टोनाय' हें नांव 'इंडिका' मध्यें सामावलें गेलें. भीमाशंकरविषयीं लिहिणारे मात्र जुनें नांव अद्यापि वापरतात.

शेकरूं ही जात लाल यादींत 'चिंताजनक नाहीं' या वर्गांत आहे. परंतु याच जातीची एक फिकट, जवळजवळ पांढुरकी पोटजात गुजरातेंतील डांगांत होती. तिला ब्लॅनफर्डनें १८९७ त 'डिअल्बाटा' हें नांव दिलें. ती नाहींशी झाली असें बहुतेक अभ्यासक मानतात. भीमाशंकरपासून डांग कांहीं फार दूर नाहीं. एकाच सह्याद्रीचें तें उत्तरेकडील टोंक. एक पोटजात संपली तरी जातीच्या वर्तुळाचा रंग हिरवाच राहिला, कारण जातीच्या हिशेबांत ती एक किरकोळ बाकी होती. भीमाशंकरच्या राईचें उद्यां कांहीं झालें तरी केरळ-कर्नाटकांतील शेकरांच्या बळावर पाटी तशीच राहील. राज्यप्राणी म्हणून ज्याची चित्रें सरकारी कागदांवर छापलीं जातात, त्याच्या बाबतींत हें लक्षांत आणून देणें आम्हांस अवश्य वाटलें.

येथें कोणी असा आक्षेप घेईल कीं पोटजाती ही मुळांतच पंडितांची हौस. आज आठ, उद्यां चार, परवां एकहि नाहीं. मग पाटीवर त्यांचा बडिवार कशाला? आक्षेप अगदींच टाकाऊ नाहीं. याला जुना दाखला आपल्याच ग्रंथभांडारांत आहे. हंसदेव नामक जैन पंडिताचें 'मृगपक्षिशास्त्र' हें तेराव्या शतकांतील मानलें जाणारें संस्कृत पुस्तक आहे. दक्षिणेंत त्याची पोथी उजेडांत आल्यावर १९२७ त सुंदराचार्य यांनीं त्याचें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलें. मारुती चितमपल्ली यांच्या परिश्रमानें तें मराठींतहि उतरलें. हंसदेव सिंहाचे सहा प्रकार करतो व प्रत्येकाचा बांधा, रंग, स्वभाव वेगवेगळा सांगतो. पण त्या सहांचीं नांवें पाहावींत तर मृगेन्द्र, पंचास्य, हर्यक्ष, केसरी अशीं. म्हणजे अमरकोशांत सिंहाचे जे पर्याय म्हणून आले आहेत तींच! कोशकारानें एका प्राण्यास दिलेले सहा शब्द घेऊन शास्त्रकारानें सहा प्राणी केले, असा संशय घेण्यास जागा आहे. आधुनिक पंडितांची वाट कित्येकदां याच्या उलट असते: सहा नांवांचे सहा प्राणी मानून झाल्यावर ते एकाचेच पर्याय ठरवावयाचे. खोकडाच्या बाबतींत तेंच घडलें.

सिंहाच्याच बाबतींत पुढें जें घडलें तें पाहिलें म्हणजे आक्षेपाचें उत्तर मिळतें. सिंह आपल्याकडे संग्रहालयांत नवा नाहीं. अठरा कारखान्यांच्या प्रसिद्ध यादींत शिकारखाना येतो, आणि पेशवाईच्या उत्तरार्धांत पर्वतीच्या पायथ्याशीं जो शिकारखाना होता त्यांत वाघांबरोबर सिंह व गेंडाहि होता, हें इंग्रज पाहुण्यांच्या लेखांवरून ज्ञात आहे. त्या काळीं हिंदुस्थानांत सिंह बऱ्याच प्रदेशांत होते. पुढें ते एका सोरठांतील गीरच्या रानांत उरले. या आशियाई सिंहास मायरनें १८२६ त 'पर्सिका' हें नांव दिलें, व २००८ च्या लाल यादींत या पोटजातीस स्वतंत्रपणें 'संकटग्रस्त' ठरविण्यांत आलें. जात मात्र 'असुरक्षित' या त्याहून सौम्य वर्गांत. पोटजातीचें वेगळें मूल्यमापन झाल्याचें हें चांगलें उदाहरण. गीर व आसपासच्या मुलखांत २०२० च्या गणतींत ६७४ व २०२५ च्या गणतींत ८९१ सिंह भरले.

परंतु पिंजऱ्यांतील सिंहांची कथा निराळी आहे. अमेरिकेंतील संग्रहालयांनीं आशियाई सिंहाची पैदास जपण्यासाठीं वंशावळ ठेवून एक मोठी योजना चालविली होती. स्टीफन ओब्रायन व त्यांचे सहकारी यांनीं १९८७ त रक्ताची परीक्षा प्रसिद्ध केली, तेव्हां मूळ पांच पूर्वजांपैकीं दोन आफ्रिकी वळणाचे निघाले; म्हणजे त्यांच्या वंशांतील सगळीं पिलें मिश्र. पाटीवर इतकीं वर्षें 'पर्सिका' लिहिलेलें, आणि पाटीमागें जनावर भलतेंच! योजना गुंडाळावी लागली. आपल्याकडे चंदीगडजवळील छतबीरच्या संग्रहालयांतहि सर्कशींतील आफ्रिकी सिंहांशीं संकर झालेली मोठी पैदास होती, व ती पुढें वाढूं नये म्हणून बंद करण्यांत आली. वंशावळीचा कागद किती निर्दोष असावा लागतो, याचा याहून कठोर धडा नसेल. वतनाच्या वाट्यासाठीं घुसडलेल्या पूर्वजांनीं आमचीं दफ्तरें भरलीं आहेत; सिंहांच्या दफ्तरांतहि तोच रोग शिरला होता.

आणि एवढें झाल्यावर २०१७ त मार्जारकुळाच्या अभ्यासकांच्या मंडळानें सिंहाच्या दोनच पोटजाती मान्य केल्या. त्यांत गीरचा सिंह व पश्चिम, मध्य आणि उत्तर आफ्रिकेंतील सिंह एकाच 'लिओ लिओ' या नांवाखालीं आले. वाघाचेंहि तसेंच झालें: आशियाखंडाच्या भूमीवरील सगळे वाघ 'टायग्रिस टायग्रिस', व सुंदा बेटांवरील 'सोंडाइका'. तेव्हां ज्या पाटीवर आज 'पर्सिका' आहे ती चुकीची म्हणावी कीं जुनी? आमच्या मतें ती जुनी. आणि जुन्या लेखावर साल असेल तर त्यांत दोष कांहींच नाहीं. दोष साल नसण्यांत आहे. गीरचा सिंह नांव बदललें म्हणून गीरबाहेर आपोआप पसरला नाहीं; त्याचें संकट होतें तेथेंच आहे. नांवाचा निवाडा आणि प्राण्याची अवस्था या दोन स्वतंत्र बाबी आहेत, व म्हणूनच पोटजातींच्या संख्येवरील वादाचें निमित्त करून पाटीवरून पोटजात उडविणें योग्य होणार नाहीं.

याच्या नेमकी उलट गफलत पांढऱ्या वाघाच्या बाबतींत होते. रेवा संस्थानचे महाराज मार्तंडसिंह यांनीं १९५१ त पकडलेल्या 'मोहन' नांवाच्या बच्च्यापासून पिंजऱ्यांतील बहुतेक पांढऱ्या वाघांची पैदास झाली. महाराष्ट्रांतील संग्रहालयांतूनहि असे वाघ ठेवण्यांत आले आहेत, व त्यांपुढें गर्दी नेहमीं अधिक. परंतु पांढरा वाघ ही ना जात ना पोटजात. साध्या वाघांतीलच एक रंगभेद तो, व बापलेक, भाऊबहीण असे जवळचे संबंध जुळवून तो वाढविला गेला. त्यापुढें 'अत्यंत दुर्मिळ' असें लिहिलें, व शेजारीं लांडग्यापुढें 'चिंताजनक नाहीं' असें लिहिलें, तर दोन्ही ओळी कोणत्या ना कोणत्या अर्थानें समर्थनीय असूनहि त्यांचा एकत्र परिणाम खोटा होतो. रंगीत शाईची उत्तरकालीन प्रत कांचेच्या पेटींत आणि मूळ पोथी माळ्यावर, अशांतली ही गत.

चिंचवडांत संभाजीनगर येथें पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेचें प्राणिसंग्रहालय आहे. त्यास निसर्गकवी बहिणाबाई चौधरी यांचें नांव दिलेलें असून लोक त्यास सर्पोद्यान म्हणूनच अधिक ओळखतात. सर्पोद्यान म्हटलें म्हणजे अजगर आलाच, आणि अजगराच्या पाटीचा इतिहास ध्यानांत घेण्याजोगा आहे. २००९ पर्यंत भारतीय अजगर व ब्रह्मी अजगर या एकाच 'पायथॉन मोल्युरस' जातीच्या दोन पोटजाती समजल्या जात. त्या सालीं ब्रह्मी अजगर स्वतंत्र जात ठरला. प्राण्यांच्या व्यापाराविषयींचा जो आंतरराष्ट्रीय करार आहे, त्यांत 'मोल्युरस मोल्युरस' हें आपल्या अजगराचें तीन शब्दी नांव पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक, परिशिष्टांत आहे. ब्रह्मी अजगर दुसऱ्यांत. तेव्हां २००९ पूर्वीची पाटी ज्यानें वाचली असेल, त्यानें त्या एकाच नांवाखालीं आज दोन निराळे प्राणी आहेत हें जाणूनच ती वाचावयास हवी. कातड्याच्या व्यापाऱ्यावर खटला भरतांना हा भेद शाब्दिक राहत नाहीं.

पाटीवर काय असावें, याविषयीं आमची सूचना साधी आहे. वर्तुळाखालीं दोन शब्द वाढवावेत: हा वर्ग जातीचा कीं पोटजातीचा, आणि तो कोणत्या सालचा. पोटजातीचें वेगळें मूल्यमापन नसेल तर 'जातीपुरतें' एवढेंच लिहिलें तरी वाचणारा सावध होईल. दुसरें, जनावर कोठून आलें तें लिहावें: रानांतून कोणत्या तालुक्यांत मिळालें, कीं कोणत्या संग्रहालयांत जन्मलें. हा तपशील दप्तरीं असतोच. लांडग्यासारख्या कांहीं प्राण्यांचीं तर राष्ट्रीय वंशावळपुस्तकेंहि झालीं आहेत. तो पाटीवर येत नाहीं इतकेंच. तिसरें, साइक्सनें नोंदलेलीं देशी नांवें पाटीवर ठळक असावींत. खोकडाच्या पिंजऱ्यापुढें 'भारतीय कोल्हा' असें भाषांतर वाचून खेड्यांतून आलेला म्हातारा मनुष्य बुचकळ्यांत पडतो. 'खोकड' म्हटलें तर तोच शेजाऱ्यास चार गोष्टी सांगेल.

राहिला संग्राहकांचा भाग. पुण्याचें पेशवे पार्क १९५३ त सुरू झालें व पुढें तेथील जनावरें कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयांत नेण्यांत आलीं. अशा प्रत्येक स्थलांतरांत, प्रत्येक डागडुजींत, जुन्या पाट्या भंगारांत जातात. पत्र्याच्या तुकड्याला कागदाचा मान देण्याची आम्हांस संवय नाहीं. परंतु कोणत्या सालीं पुणेकरांस लांडग्याविषयीं काय सांगितलें जात होतें, याचा दुसरा पुरावा मिळणार नाहीं. ज्यांच्या संग्रहीं पेशवे पार्क, राणीचा बाग, चिंचवडचें सर्पोद्यान अगर दुसऱ्या कोणत्याहि संग्रहालयाचीं जुनीं मार्गदर्शक पुस्तकें, तिकिटें, पाट्या किंवा पिंजऱ्यांचीं छायाचित्रें असतील, त्यांनीं तीं सालाच्या अंदाजासह नोंदून ठेवावींत, व पाटीवरील लॅटिन नांव अक्षरशः उतरून घ्यावें. त्यांतील तिसरा शब्द आहे कीं नाहीं, यावरूनच पुष्कळदां पाटीचा काळ ठरवितां येतो.

इ. स. २०२२ च्या मार्चांत चाकण येथील एका मोटारींच्या कारखान्यांत बिबळ्या शिरला; वनखात्याच्या माणसांनीं त्यास बेशुद्ध करून पकडलें. जुन्नर तालुक्यांत माणिकडोह येथें अशा बिबळ्यांचें निवारण केंद्र आहे, आणि रानांत परत सोडतां न येणारे कित्येक तेथेंच आयुष्य काढतात. बिबळ्याच्या भारतीय पोटजातीचें नांव 'फुस्का'. अशा एखाद्या जनावरापुढें पाटी लावण्याचा प्रसंग आला, तर तीवर जातीचें, पोटजातीचें व सालाचें लिहून झाल्यावर आणखी एक ओळ असावी: गांव चाकण, तालुका खेड, जिल्हा पुणें.